फिंचच्या पायातली रंगीत रिंग: ती का घालतात, कशी वाचतात

मे महिन्यात भाची सुट्टीला आली होती. व्हरांड्यातल्या चार फुटी पिंजऱ्यासमोर ती बराच वेळ नुसती बसून होती. पिंजऱ्यात तेव्हा झेब्रा फिंच जातीचे अकरा चिमुकले पक्षी होते आणि त्यांतले पाच पांढरेशुभ्र. घरट्यासाठी ठेवलेल्या एका मडक्यातून पिल्लांचा चिवचिवाट चालला होता. तिने विचारलं, "मावशी, यातली त्यांची आई कोणती?"

"डाव्या पायात काळी आणि उजव्या पायात पिवळी रिंग आहे ना, ती."

तिने दोन मिनिटांत शोधून काढली. लगेच पुढचा प्रश्न आला, "पण तिला टोचत नाही का ते?"

फिंच पाळणाऱ्या प्रत्येकाला हे दोन प्रश्न कधी ना कधी विचारले जातात. 2024 मध्ये केंद्र सरकारने काही परदेशी प्राणी-पक्ष्यांच्या नोंदणीचे नियम काढले, तेव्हापासून त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे: "रिंग असली की पक्षी कायदेशीर ना?" या तीन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून अगदी पहिल्यापासून सांगते.

सगळे सारखेच दिसतात, ही खरी अडचण

झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाचा. वजन जेमतेम बारा ते पंधरा ग्रॅम. राखाडी रंगाच्या पक्ष्यांत नर-मादी ओळखणं सोपं असतं. नराच्या गालावर नारिंगी ठिपका असतो, छातीवर झेब्र्यासारखे पट्टे असतात आणि मादी साधी राखाडी असते. पण पाच नर समोर असतील तर हा कोणता नि तो कोणता हे सांगणं अवघड. पांढऱ्या जातीत तर फरक फक्त चोचीचा: नराची गडद लाल, मादीची नारिंगीकडे झुकलेली. बेंगालीज फिंचमध्ये तेवढाही फरक नाही. त्यात नर गातो आणि मादी गात नाही, म्हणून कोण गातंय यावर कान ठेवून बसावं लागतं.

एकच जोडी असेल तर या सगळ्याने काही अडत नाही. पण झेब्रा फिंच एका वेळी चार ते सहा अंडी घालतात, दोन आठवड्यांच्या आत पिल्लं बाहेर येतात आणि तीन महिन्यांची झाली की तीच पिल्लं स्वतः जोड्या लावायला लागतात. वर्षभरात पिंजऱ्यात कोण कोणाचं, याचा पत्ता उरत नाही. आमच्याकडे पहिल्या दोन वर्षांत हेच झालं. एका सुंदर जोडीची अंडी तीनदा वाया गेली. पिल्लं अंड्यातच मरत होती, एक-दोन बाहेर आली ती अशक्त निघाली. मी खाणं बदललं, समुद्रफेस वाढवला, पिंजऱ्याची जागा बदलली. पुष्कळ उशिरा लक्षात आलं की ती दोघं बहुधा एकाच मडक्यातली भावंडं होती. "बहुधा" म्हणते, कारण खात्री करायला माझ्याकडे कसलीच खूण नव्हती.

भावंडांच्या जोडीने काय बिघडतं? प्रत्येक जिवाकडे शरीर घडवण्याच्या सूचनांच्या दोन वह्या असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. एखाद्या वहीत एका पानावर चूक असली तरी दुसऱ्या वहीतलं तेच पान बरोबर असतं, म्हणून काम भागतं. भावंडांच्या वह्या मात्र एकाच घरातून नक्कललेल्या असतात. त्यामुळे त्यांच्या पिल्लाला दोन्हीकडून तीच चुकलेली पानं मिळण्याचा संभव बराच वाढतो. हिशोबाने पाहिलं तर सख्ख्या भावंडांच्या पिल्लात दर चार पानांमागे सरासरी एका पानाच्या दोन्ही नकला एकाच मूळ पानावरून आलेल्या असतात. अंडी न उबणं, पिल्लं कमजोर निघणं हे त्यातूनच येतं. हे टाळायचं तर कोण कोणाचं, हे ठाऊक असायला हवं.

एक बांगडी, एक जोडवं

फिंचच्या पायात घालायच्या रिंगा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पक्षी पाळणारे त्यांना क्लोज रिंग आणि ओपन रिंग म्हणतात.

क्लोज रिंग म्हणजे अखंड कडं, बहुतेक ॲल्युमिनियमचं. त्यावर वर्ष आणि क्रमांक कोरलेला असतो. ती लहान पिल्लाच्याच पायात जाते. पंजा मोठा झाला की ती निघतही नाही आणि नव्याने चढवताही येत नाही. लहानपणी चढवलेली बांगडी हात मोठा झाल्यावर जशी अडकून बसते, तसंच. म्हणून पक्षी इथेच, माणसाच्या हाताखाली जन्मला, याची ती बऱ्यापैकी खूण ठरते. बऱ्यापैकी एवढ्यासाठी, की मुद्दाम मोठ्या मापाची रिंग मोठ्या पक्ष्याच्या पायात घुसवणारेही आहेत.

ओपन रिंग प्लास्टिकची असते आणि तिला एक चीर असते. पायातल्या जोडव्यासारखी ती फाकवून कोणत्याही वयात घालता येते, काढताही येते. रंगीत रिंगा म्हणतात त्या बहुतांशी याच. क्लोज रिंगेवरचा आकडा वाचायला पक्षी हातात धरावा लागतो. रंग मात्र सहा फुटांवरून, खुर्चीत बसल्या बसल्या दिसतो. आणि धरणं हाच फिंचसाठी मोठा ताण असतो, त्यामुळे दुरून ओळखता येणं ही सोयीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

गावाकडे गाई-म्हशींच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो. तो सरकारी नोंदीसाठी. पण घरधनी आपली गाय ओळखतो ती शिंगांवरून, कपाळावरच्या चांदावरून. फिंचच्या कपाळावर चांद नसतो, म्हणून रंगीत रिंग.

रंगांची लिपी

मुंबईच्या डबेवाल्यांच्या डब्याच्या झाकणावर रंग, आकडे आणि अक्षरं रंगवलेली असतात. ती पाहून डबा कुठून आला, कोणत्या स्टेशनवर उतरायचा, कोणत्या इमारतीत जायचा हे कळतं. पत्ता लिहिलेला नसतो, पण वाचणाऱ्याला तो पुरता असतो. रिंगांचं तसंच आहे. एकेका रंगाला अर्थ नसतो, तो आपण द्यायचा आणि वहीत लिहून ठेवायचा.

किती पक्षी ओळखता येतील? समजा आपल्याकडे सहा रंग आहेत आणि प्रत्येक पायात एकच रिंग घालायची आहे. सहा गुणिले सहा, छत्तीस पक्षी झाले. "रिंगच नाही" हाही एक पर्याय धरला तर सात गुणिले सात, एकोणपन्नास. दोन्ही पाय मोकळे असलेला पक्षी वगळला की अठ्ठेचाळीस. घरच्या पिंजऱ्याला हे चिक्कार झालं. ठरलेल्या एका पायात दोन आणि दुसऱ्यात एक अशा रिंगा घातल्या तर दोनशे सोळा जुळण्या होतात, पण तेवढ्यावर जाण्याची हौशी माणसाला गरज नाही.

माझी पद्धत अशी. डाव्या पायात वर्षाचा रंग, म्हणजे त्या वर्षी जन्मलेल्या सगळ्यांचा एकच. उजव्या पायात घराचा रंग, म्हणजे आई-बापाच्या जोडीचा. काळी-पिवळी म्हणजे काळ्या वर्षातली, पिवळ्या घरची. जोडी लावताना मी फक्त उजवा पाय बघते. दोघांचा रंग एक असेल तर जोडी लावायची नाही, एवढा एकच नियम घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. त्याच घरची चार भावंडं एकमेकांपासून वेगळी ओळखायची असतील तर क्लोज रिंगेचा आकडा असतोच. वर्षाला रंग देण्याची चाल माझी नाही. बजरीगर (छोटे रंगीत पोपट) पाळणाऱ्यांच्या संघटनांत दरवर्षी रिंगेचा रंग ठरवून बदलतात. काही जण नराच्या उजव्या आणि मादीच्या डाव्या पायात रिंग घालतात. तेही चांगलं आहे, फक्त पिल्लाची काळी चोच लाल व्हायला लागून लिंग कळेपर्यंत थांबावं लागतं.

इथे हमखास होणारी एक चूक सांगते. डावा-उजवा पक्ष्याचा धरायचा, आपला नाही. पक्षी तोंड आपल्याकडे करून बसला की त्याचा डावा पाय आपल्या उजव्या हाताला येतो. माझ्या जुन्या वहीत पहिल्या चार महिन्यांच्या नोंदी अशाच उलटसुलट झाल्या आहेत. आता वहीच्या पहिल्या पानावर मी पाठमोऱ्या फिंचचं चित्र काढून ठेवलं आहे. पक्षी पाठमोरा असला की त्याचं डावं ते आपलं डावं.

पिल्लाच्या पायात चढवताना

क्लोज रिंग चढवायचे दिवस फार थोडे असतात, साधारण सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत. आधी चढवली तर पंजा इवलासा असल्याने मडक्यातच गळून पडते. उशीर झाला तर जात नाही, आणि तेव्हा जबरदस्ती केली तर बोट मोडतं. झेब्रा फिंचला आतला व्यास अडीच ते तीन मिलीमीटरच्या दरम्यान लागतो. विकत घेताना "फिंचची द्या" एवढं न म्हणता जात सांगून माप विचारावं.

पिल्लू तळहातावर घ्यायचं. पुढची तीन बोटं एकत्र जुळवून त्यांवरून रिंग सरकवायची. मागचं बोट पायालगत वर दुमडून धरायचं आणि रिंग त्याच्यावरूनही वर न्यायची. मग एखाद्या बोथट काडीने ते मागचं बोट हलकेच खालून सोडवून घ्यायचं. सवय झाली की अर्ध्या मिनिटाचं काम. पहिल्यांदा करताना माझ्या बोटांना घाम सुटला होता, कारण तो पाय शिजलेल्या शेवईसारखा मऊ लागतो.

हे संध्याकाळी करावं. आई-बाप मडक्यातली नको ती वस्तू चोचीने उचलून टाकतात. चकचकीत रिंग त्यांना तसाच कचरा वाटू शकते, आणि ती ओढताना पिल्लूच मडक्याबाहेर पडतं. अंधार पडता पडता चढवली तर रात्रभरात सगळे निवांत होतात. काही जण चमक घालवायला रिंगेवर चामड्याच्या रंगाची चिकटपट्टी लावतात. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पिंजऱ्याचा तळ बघायचा, हे विसरू नये.

प्लास्टिकची ओपन रिंग पिल्लं स्वतः खायला लागल्यावर, पाचव्या-सहाव्या आठवड्यात घालावी. रिंगांबरोबर चमच्यासारखं एक छोटं साधन मिळतं. त्यावर रिंग फाकते, पायावर टेकवली आणि साधन ओढून घेतलं की ती मिटते.

टोचत नाही का?

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर: माप बरोबर असेल तर नाही. प्लास्टिकची रिंग ग्रॅमच्या छोट्याशा अंशाएवढी असते, आणि एक-दोन दिवस चोच मारून पाहिली की पक्षी तिला विसरतो. बरोबर बसलेली रिंग पायाभोवती मोकळी फिरते, वर-खाली सरकते, पण वर सांध्यावर चढत नाही आणि खाली पंज्यावर घसरत नाही. (तो मागे वाकणारा सांधा आपल्याला गुडघा वाटतो. प्रत्यक्षात तो घोटा आहे, गुडघा वर पिसांत लपलेला असतो.) पायाची ही मोकळी लांबी दीडेक सेंटिमीटरच असते, म्हणून एका पायात दोनपेक्षा जास्त रिंगा नकोतच.

धोका मात्र आहे, आणि तो लपवून रिंगांचं कौतुक करणं मला पटत नाही. आमची एक पांढरी मादी एका सकाळी मडक्याच्या तोंडाशी उलटी लोंबकळताना दिसली. घरटं करायला मी काथ्याबरोबर थोडा सुती दोरा ठेवला होता. त्याचा एक तंतू तिच्या ओपन रिंगेच्या चिरेत शिरून आवळला होता. नखं कापायच्या कात्रीने दोरा तोडला, रिंगही कापून काढली. ती वाचली, पण तिचं बाहेरचं बोट कायमचं ताठ राहिलं. त्या दिवसापासून पिंजऱ्यात दोरा, लोकर, कापूस यांतलं काही जात नाही. आखूड कापलेलं वाळकं गवत आणि मोकळा केलेला आखूड काथ्या, एवढंच. आणि चिरेची दोन टोकं नीट मिटलेली आहेत का, हे घातल्यावर भिंगातून बघते.

दुसरा धोका हळूहळू येतो. वय वाढलं की पायावरची खवल्यांची कातडी जाड होते, कधी किडीमुळे ती पापुद्र्यांसारखी सुटते. मग काल मोकळी असलेली रिंग आज घट्ट होते. पाय सुजला, पक्षी एक पाय सारखा उचलून धरायला लागला किंवा रिंग फिरेनाशी झाली, तर त्याच दिवशी ती काढायला हवी. प्लास्टिकची घरी कापता येते. धातूची मात्र पक्ष्यांच्या डॉक्टरांकडूनच कापून घ्यावी, कारण पक्कड जराशी वळली तरी काडीसारखं हाड मोडतं.

रंगामुळे जोडीदार ठरतो का?

या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथे येते. अमेरिकन संशोधक नॅन्सी बर्ली झेब्रा फिंचचा अभ्यास करत होत्या आणि पक्षी ओळखायला त्यांना रंगीत रिंगा घालत होत्या. त्यांना दिसलं की रिंग ही नुसती खूण राहत नाही. माद्या लाल रिंगवाल्या नरांकडे जास्त ओढल्या जातात, हिरव्या रिंगवाल्यांना टाळतात. नरांना काळ्या रिंगेच्या माद्या आवडतात, निळ्या रिंगेच्या नाहीत. 1981 आणि 1982 मध्ये त्यांचे हे निष्कर्ष छापून आले. नराची चोच लाल असते, तेव्हा लाल रिंग म्हणजे जणू जास्तीचा लाल रंग, असं कारण पटण्यासारखं होतं. याच काळात आकर्षक रिंगा असलेल्या पालकांच्या पिल्लांत नर-मादीचं प्रमाणही बदलतं, असंही त्यांनी मांडलं. हे पाठ्यपुस्तकांत गेलं, आणि पक्षी पाळणाऱ्यांत "नराला हिरवी घालू नका" हा सल्ला घट्ट बसला.

मग इतरांनी तेच प्रयोग पुन्हा करून पाहिले. काहींना तसं दिसलं, अनेकांना दिसलं नाही. जर्मनीत वोल्फगांग फोर्स्टमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. 2012 मध्ये त्यांनी स्वतःचे चार प्रयोग आणि आधीच्या अभ्यासांची एकत्र तपासणी प्रसिद्ध केली. त्यात रिंगेच्या रंगाचा नराच्या प्रियाराधनावर किंवा वजनावर परिणाम आढळला नाही. 2018 मध्ये त्यांच्याच गटाने मोठ्या संख्येने पक्षी घेऊन पाहिलं. लाल रिंगवाल्यांना पिल्लं जास्त होतात असं काही निघालं नाही. पाठ्यपुस्तकातलं हे "ज्ञान" पुन्हा पडताळता येत नाही, असं त्यांनी शीर्षकातच म्हटलं.

म्हणजे बर्ली चुकल्या का? मला तसं म्हणावंसं वाटत नाही. थोड्या पक्ष्यांवर केलेल्या प्रयोगात योगायोग मोठा दिसतो. दहा वेळा नाणं उडवून सात छापे पडले म्हणून नाणं खोटं ठरत नाही, हजार वेळा उडवल्यावर कळतं. त्यांच्यामुळे एक प्रश्न मात्र कायमचा उभा राहिला, की खूण करणाऱ्याने आपली खूणच निकाल बदलत नाही ना हे तपासावं. तो प्रश्न आजही योग्य आहे.

घरी पाळणाऱ्याने यातून काय घ्यावं? हिरवी रिंग घातली म्हणून नर बिनजोडीचा राहील ही भीती सोडावी. माझा हिरव्या घरचा नर तीन वर्षांचा संसार करून आहे.

ऊन, अंधार आणि आपले डोळे

रंग निवडताना पक्ष्याच्या आवडीपेक्षा आपल्या डोळ्यांचा विचार करावा. संध्याकाळच्या उजेडात निळा आणि जांभळा सारखेच दिसतात. उन्हाने लाल रंग फिकटून नारिंगी होतो, गुलाबी पांढरा होतो आणि पांढरा पिवळट. वर्ष उलटलं की वहीत लाल लिहिलेला पक्षी पिंजऱ्यात नारिंगी निघतो. मी म्हणून लाल ठेवला आणि नारिंगी काढूनच टाकला, निळा ठेवला आणि जांभळा काढला. घरात कोणाला लाल-हिरव्यातला फरक कळत नसेल, आणि पुरुषांमध्ये हे काही दुर्मीळ नाही, तर त्या दोहोंतलाही एकच ठेवावा. नवी रिंगांची पुडी आणली की दोन रिंगा महिनाभर गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवते. रंग टिकला तरच बाकीच्या वापरते.

रिंग म्हणजे परवाना नव्हे

आता तो तिसरा प्रश्न. रिंग ही आपण केलेली खूण आहे, सरकारने दिलेला दाखला नाही. लाल मुनिया, ठिपकेवाली मुनिया हे आपल्या माळावरचे, शेतातले पक्षी आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली त्यांना पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे, मग त्यांच्या पायात सोन्याची रिंग असली तरी. बाजारात मुनिया भडक रंगात बुडवून "परदेशी फिंच" म्हणून विकतात. असा पक्षी दिसला तर दया येऊनही विकत घेऊ नये, कारण त्या पैशांतून पुढचं जाळं विणलं जातं.

झेब्रा फिंच परदेशी आहे आणि धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'साइटिस' कराराच्या याद्यांत तो नाही. जावा स्पॅरो मात्र दुसऱ्या यादीत आहे. आपल्याकडे तो सर्रास पाळला जात असला तरी त्याच्या मूळ इंडोनेशियात तो धोक्यात आला आहे. 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनुसार या याद्यांतले पक्षी पाळणाऱ्याने 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर नोंद करायची असते, पिल्लं झाली तर तीही. अशा वेळी क्लोज रिंगेचा आकडा आणि जन्माची वही कामाला येते. नोंदणी करावी लागतेच, रिंगेने ती टळत नाही.

आणि अंगणात जखमी सापडलेल्या, घरट्यातून पडलेल्या रानपक्ष्याला घरच्या रिंगा घालू नयेत. डेन्मार्कमधल्या मोर्टेन्सन नावाच्या शिक्षकांनी 1899 मध्ये मैनेच्या कुळातल्या स्टार्लिंगना क्रमांकाच्या रिंगा घालून ही शास्त्रीय पद्धत सुरू केली. आपल्याकडे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1927 पासून हे काम केलं आहे. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याच्या पायातला प्रत्येक रंग कुठल्यातरी अभ्यासकाच्या वहीतली ओळ असतो. आपली हौशी रिंग त्यात घुसली तर ती ओळ चुकते. उलट पाणथळ जागी एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी दिसली तर फोटो काढून, कोणत्या पायात कोणता रंग हे टिपून सोसायटीला कळवावं.

भाची जायच्या आदल्या संध्याकाळी त्या मडक्यातली पिल्लं आठ दिवसांची झाली होती. चार होती. रिंगा मी चढवल्या, नोंदी तिने केल्या: तारीख, मडकं क्रमांक तीन, आई काळी-पिवळी, बाप काळा-हिरवा, पिल्लांचे चार आकडे. शेरा लिहायच्या रकान्यात तिने स्वतःहून लिहिलं, "चौथं सगळ्यात लहान आहे, त्याची रिंग उद्या सकाळी परत बघणे." सकाळी साडेसहाला गाडी पकडायच्या आधी ती टॉर्च घेऊन पिंजऱ्यापाशी उभी होती. चौथ्याची रिंग मडक्यात गळून पडली होती. ती मी दोन दिवसांनी पुन्हा चढवली आणि तिला फोटो पाठवला.